सशाचा विकतचा खाऊ: पाकीट उलटं करून घटक कसे तपासावेत

पाळीव सशांच्या खाऊच्या पाकिटावर गुबगुबीत सशाचं चित्र असतं, ‘नैसर्गिक’ असं ठळक लिहिलेलं असतं, आणि आपण विश्वासानं ते उचलतो. पण ते चित्र म्हणजे काही सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे. दह्याच्या गोळ्या, मधात घट्ट बसवलेल्या बियांच्या कांड्या, रंगीत कुरकुरीत बिस्किटं, वाळवलेल्या केळ्याच्या चकत्या असं बरंच काही सशाच्या नावानं विकलं जातं आणि त्यातलं पुष्कळसं त्याच्या आतड्यांना झेपणारं नसतं. त्यानं ससा त्याच दिवशी आजारी पडतोच असंही नाही. म्हणून तर कुणाला शंका येत नाही आणि तो खाऊ रोज दिला जातो.

ससा आवडीनं खातो, हाही पुरावा मानू नका. गोड आणि पिठूळ पदार्थांतून भरपूर ऊर्जा मिळते, त्यामुळे संधी मिळाली की ससा ते आधी खाणारच. काय चांगलं आणि काय वाईट हे त्याच्यासाठी आपल्यालाच ठरवायचं असतं.

आधी त्याचं पोट समजून घ्या

हा भाग घाईत वाचू नका, कारण पुढचे सगळे नियम इथूनच निघतात.

ससा गवतावर जगणारा प्राणी आहे. त्याच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी अंधनाल नावाची भलीमोठी पिशवी असते आणि तिच्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. खाल्लेल्या गवतातले लांब, न पचणारे तंतू आतड्यांना हलतं ठेवून लेंड्यांच्या रूपानं बाहेर पडतात. बारीक कण मात्र मागे वळून अंधनालेत जातात, तिथे आंबतात आणि त्यांच्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या तयार होतात. ससा त्या थेट गुदद्वारापासून उचलून खातो. जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळवण्याची त्याची ही रीतच आहे, त्यात घाण काही नाही.

आता या व्यवस्थेत साखर आणि स्टार्च जास्त ओतलं तर काय होतं? लहान आतड्यात न पचलेला भाग अंधनालेत पोहोचतो आणि तिथल्या सूक्ष्मजीवांचा तोल ढळतो. एरवी दबून असलेले क्लॉस्ट्रिडियमसारखे विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. नुकतंच दूध सुटलेल्या पिल्लांमध्ये हे फार वेगानं होतं आणि जिवावर बेततं. मोठ्या सशात बहुधा मऊ लेंड्या पातळ होतात, ससा त्या खात नाही आणि त्या बुडाच्या केसांना चिकटून राहतात. शिवाय गोड खाऊनं पोट भरलं की गवत मागे पडतं. गवत कमी झालं की आतड्यांची हालचाल मंदावते. व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, याला जीआय स्टेसिस (पचनमार्ग थबकणं) म्हणतात, आणि ससे दगावण्याच्या मोठ्या कारणांत ते मोडतं.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं काही पोटात गेलं तर ते पुढेच सरकतं किंवा अडकतं. आणि त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात. ते झिजतात गवत तासन्‌तास आडवं रवंथल्यासारखं चघळल्यानं. दातांसाठी चांगली म्हणून विकली जाणारी कडक बिस्किटं ससा वरून खाली दाबून फोडतो, दोन मिनिटांत संपवतो. दाढा झिजण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही.

म्हणून कुठल्याही खाऊबद्दल मी एकच प्रश्न विचारते: यामुळे सशाचं गवत कमी होणार आहे का?

पहिली पायरी: पाकीट कुणासाठी आहे ते पाहा

‘ससा, गिनी पिग, हॅमस्टर, चिंचिला: सर्वांसाठी’ असं लिहिलेलं दिसलं की मी ते पाकीट बहुतेक वेळा परत ठेवते. हॅमस्टर बिया, धान्य, किडेसुद्धा खातो. गिनी पिगला आहारातून क जीवनसत्त्व मिळावंच लागतं, सशाचं शरीर ते स्वतः तयार करतं. या सगळ्यांची गरज एका पाकिटात भागत नाही. असे मिश्र खाऊ सहसा हॅमस्टरच्या बाजूला झुकलेले असतात, म्हणजे बिया आणि धान्य जास्त.

कोंबड्यांचं किंवा गुरांचं खाद्य सशाला खाऊ म्हणून कधीही देऊ नका. कोंबड्यांच्या काही खाद्यांत रोगप्रतिबंधासाठी सॅलिनोमायसिन, नॅरासिन अशी औषधं मिसळलेली असतात आणि ती सशांना विषारी ठरतात.

‘पूरक आहार’ असा शब्द छापला असेल तर तोही गंभीरपणे घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की हा पदार्थ रोजच्या जेवणाची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी पायरी: घटकांची यादी शब्द न शब्द वाचा

पाकिटाच्या मागे, बहुधा सगळ्यात बारीक अक्षरांत ही यादी असते. बहुतेक देशांत घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात, म्हणजे पहिला घटक सर्वांत जास्त. पहिले तीन घटक वाचले की खाऊचा स्वभाव कळतो.

उदाहरण म्हणून बाजारात सहज दिसतील अशा घटकांची एक नमुना यादी घेऊ:

*धान्यं, वनस्पतिजन्य उपउत्पादनं, साखर, फळं (त्यात केळं ४%), तेल व स्निग्ध पदार्थ, मध १%, खनिजं, रंग.*

पुढच्या बाजूला या पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘केळं आणि मध’ लिहिलेलं असेल. आता एकेक शब्द बघू.

‘धान्यं’ पहिलं आहे, म्हणजे हा खाऊ मुळात पिठाचा आहे. गहू, मका की ओट, हे सांगितलेलं नाही. अशा समूहवाचक शब्दांमुळे उत्पादकाला प्रत्येक खेपेला स्वस्त पडेल ते धान्य वापरता येतं. एखाद्या धान्यानं तुमच्या सशाला त्रास होत असेल तर तो कशानं झाला, हे तुम्हाला कळणारच नाही.

‘वनस्पतिजन्य उपउत्पादनं’ हा त्याहून ढगळ शब्द. त्यात गवताची पूड येऊ शकते, तेलबियांची पेंड येऊ शकते, बीटाचा चोथा येऊ शकतो. यातलं काही चांगलंही असेल. पण काय आहे ते सांगायला जो उत्पादक तयार नाही, त्याच्यावर मी विसंबत नाही. चांगला खाऊ बनवणारे ‘टिमोथी गवत’, ‘पुदिना’ असं नाव घेऊन लिहितात.

‘साखर’ तिसऱ्या क्रमांकावर आहे. इथं एक चलाखी ओळखायला शिका: गोडवा अनेक नावांत वाटून टाकला की एकही नाव वर येत नाही. साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, मोलॅसिस म्हणजे उसाची मळी, मध, फळांचा रस, माल्ट, हे सगळं एकाच खान्यात धरा. यादीत यांतली दोन-तीन नावं दिसली तर मनातल्या मनात त्यांची बेरीज करा आणि ती वर सरकवा. पेलेटमध्ये, म्हणजे दाबून बनवलेल्या रोजच्या खाद्याच्या दाण्यांत, बांधणीसाठी थोडी मळी वापरतात, ती यादीच्या शेवटी असेल तर मी अडून बसत नाही. खाऊमध्ये ती पहिल्या पाचांत असेल तर पाकीट ठेवून द्यावं.

‘त्यात केळं ४%’ म्हणजे १०० ग्रॅमच्या पाकिटात ४ ग्रॅम. मध १ ग्रॅम. ज्या नावावर खाऊ विकला, तो घटक नावापुरता आहे, आणि त्या कमी असण्यात सशाचं नुकसान काहीच नाही. नुकसान उरलेल्या भागात आहे.

ताजा घटक आणि सुका घटक यांतही फरक करा. ताज्या गाजरात बहुतांश पाणी असतं, त्यामुळे वजन करताना ते यादीत वर येतं. शिजून, वाळून पाणी गेल्यावर त्याचा वाटा फार लहान उरतो.

शेवटी ‘रंग’. ससे मुख्यतः निळा आणि हिरवा ओळखतात, तांबड्याचं त्यांना नीट भान नसतं. लाल-पिवळी बिस्किटं तुमच्या-माझ्या डोळ्यांसाठी रंगवलेली असतात. सशाच्या पोटात अनावश्यक रसायन घालण्याचं यापेक्षा फुकट कारण मला माहीत नाही.

तिसरी पायरी: कुठल्या घटकांवर सरळ काट मारायची

दही, दूध, मठ्ठ्याची पूड. मोठ्या सशाला दुधातली साखर पचवता येत नाही. दह्याच्या गोळीत तर खरं दही थोडंच, साखर आणि घट्ट केलेलं तेल जास्त. ‘पोटातल्या चांगल्या जिवाणूंसाठी’ असा दावा असेल तरी मोठ्या सशाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं, की दह्यातले जिवाणू तिथून तगून पुढे जाण्याची शक्यता फार कमी. मला विचाराल तर सशांच्या खाऊतला हा सगळ्यात निरर्थक प्रकार आहे, आणि तो सगळीकडे मिळतो.

मका, वाटाणे, सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, सुका मेवा. यांत स्टार्च किंवा तेल भरपूर. मक्याच्या आणि बियांच्या टणक साली पचत नाहीत आणि आतड्यात अडकू शकतात. दमट हवेत साठवलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर येणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ससा या विषाला फार संवेदनशील असलेल्या प्राण्यांपैकी आहे, आणि भाजल्यानं ते पुरतं नष्ट होत नाही.

चॉकलेट, कोको, कॅरोब (चॉकलेटऐवजी वापरली जाणारी शेंगांची पूड) लावलेला खाऊ. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन विषारी. कॅरोबमध्ये ते नसतं, पण साखर आणि चरबी असते, म्हणून तोही नको.

कांदा आणि लसूण, पूड स्वरूपातसुद्धा. यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात. ‘हर्बल’ बिस्किटांत चवीसाठी लसूण पूड येऊ शकते, म्हणून यादी शेवटपर्यंत वाचायची. अव्होकाडो आणि ऱ्हुबार्बही काट मारण्याच्या यादीत.

झायलिटॉल आणि इतर कृत्रिम गोड पदार्थ. झायलिटॉलनं कुत्र्यांची रक्तशर्करा धोकादायक रीतीनं उतरते, हे पक्कं ठाऊक आहे. सशाच्या खाऊत त्याचं काहीच काम नाही.

प्रॉपिलीन ग्लायकॉल. खाऊ मऊ, ओलसर राहावा म्हणून हे वापरतात. अमेरिकेत मांजरांच्या खाद्यात त्याला बंदी आहे. सशाचा खाऊ कोरडाच असावा, ओलसर चिवट पदार्थाची मुळात गरज नाही. बीएचए, बीएचटी, इथॉक्सिक्विन ही टिकवण्यासाठी घातली जाणारी द्रव्यं दिसली तर ई जीवनसत्त्व किंवा रोजमेरीच्या अर्कानं टिकवलेला पर्याय शोधा. यादीवर ई जीवनसत्त्व ‘टोकोफेरॉल’ या नावानंही असतं.

अंडं, मांसाची पूड, प्राणिज चरबी. शाकाहारी प्राण्याच्या खाऊत हे सापडतं, विशेषतः भाजलेल्या कांड्यांत चिकटपणासाठी घातलेलं अंडं.

चाटायचे मिठाचे आणि खनिजांचे गोळेही याच फळीवर ठेवलेले असतात. गवत, पाला आणि थोडे पेलेट मिळणाऱ्या सशाला त्यांची गरज नसते. सशाचं शरीर आहारातलं कॅल्शियम जवळपास मिळेल तेवढं शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतं. कॅल्शियम फार झालं तर मूत्राशयात गाळ साचू शकतो किंवा खडा होऊ शकतो. याच कारणानं अल्फाल्फा, म्हणजे लसूणघास, मुख्य घटक असलेला खाऊ वाढत्या पिल्लांना चालतो, पण मोठ्या सशाला रोज नको. पाण्यात टाकायचे जीवनसत्त्वांचे गोड थेंबही असेच: गरज नाही, उलट चव बदलल्यानं ससा पाणी कमी पिऊ शकतो.

चौथी पायरी: आकडे

यादीशेजारी पृथक्करणाचा तक्ता असतो: प्रथिनं, स्निग्धांश, क्रूड फायबर, राख (म्हणजे खनिजांचा अंश), कधीकधी ओलावा. इथं पहिल्यांदा तंतूंचा म्हणजे फायबरचा आकडा बघा. सुक्या गवतात तो साधारण ३० टक्क्यांच्या आसपास असतो. चांगल्या पेलेटमध्ये निदान १८, शक्यतो २० टक्क्यांच्या वर हवा. खाऊमध्ये तो १८ च्या खाली असेल तर तो खाऊ मिठाईच्या वर्गात टाका. स्निग्धांश ३ टक्क्यांपर्यंत ठीक. बियांच्या कांड्या आणि दह्याच्या गोळ्या इथं सहज नापास होतात.

साखर आणि स्टार्च किती, हे तक्त्यात बहुधा नसतं. ते अंदाजानं काढता येतं: १०० मधून छापलेले सगळे आकडे वजा करा. समजा प्रथिनं १२, स्निग्धांश ६, फायबर ६, राख ४, ओलावा १०. बेरीज ३८, उरले ६२. या ६२ मध्ये काही विद्राव्य तंतूही मोजले जातात, त्यामुळे हा आकडा एकटा बघायचा नाही. वरची यादी धान्यानं आणि साखरेनं सुरू होत असेल, फायबर एक आकडी असेल आणि बाकी ६० च्या वर जात असेल, तर तो खाऊ मुख्यतः स्टार्च आणि साखर आहे. ओलावा छापलेला नसेल तर कोरड्या खाऊसाठी १० धरा.

तक्ताच नसेल तर? एकाच घटकाच्या पाकिटावर, म्हणजे नुसत्या वाळवलेल्या पुदिन्याच्या पानांवर, तो नसला तरी मी घेते. मिश्रणाच्या पाकिटावर तक्ता नसेल तर घेत नाही.

पाचवी पायरी: हातात घेऊन पाहा

कागदावर पास झालेला खाऊही हाताळून बघायलाच हवा.

बियांची कांडी घ्या आणि एक तुकडा मोडा. बोटांना चिकटली तर तो मधाचा किंवा सिरपचा थर आहे, आणि तोच दाताच्या फटीत बसणार. मोडलेल्या जागी आत काय दिसतं? बहुतेकदा मध्ये लाकडी काडी असते आणि भोवती पीठ. काडी कसल्या लाकडाची आहे हे पाकिटावर लिहिलेलं नसेल, तर ससा ती चावणार हे धरून चला आणि देऊच नका. सफरचंद आणि विलोचं न फवारलेलं, वाळलेलं लाकूड चालतं. चेरी, पीच, जर्दाळू, आलुबुखार यांचं लाकूड टाळा. सीडारही टाळा. तार, खिळा, डिंकानं चिकटवलेला जोड, धातूची टांगायची कडी, प्लॅस्टिकची दोरी यांपैकी काहीही असलेली वस्तू खाऊ म्हणून पिंजऱ्यात टांगू नये.

कडक, गोल, नखाएवढ्या गोळ्या ससा घाईत गिळायला जातो आणि त्या घशात अडकू शकतात. चपटा, सहज चुरडला जाणारा आकार बरा.

वाळवलेली फुलं-पानं असतील तर पाकीट उघडून नाकाशी धरा. सुक्या गवतासारखा ताजा वास यायला हवा. कुबट वास, पांढुरकी भुकटी, जाळीसारखे धागे, एकमेकांना चिकटलेले गठ्ठे यांतलं काहीही दिसलं तर सगळं पाकीट टाका, वरचा भाग काढून उरलेला वापरू नका. फुलवाल्याकडची फुलं वाळवून देऊ नका, त्यांच्यावर कीटकनाशकं फवारलेली असतात.

मग घ्यावं काय?

दाबून बनवलेल्या गवताच्या वड्या, ज्यांत पहिला घटक गवत आहे आणि गोड पदार्थ नाही. वाळवलेली झेंडूवर्गीय कॅलेंड्युलाची फुलं, गुलाबाच्या न फवारलेल्या पाकळ्या, कॅमोमाइल, डँडेलियनची पानं. पुदिना, बेसिल, कोथिंबीर यांची वाळलेली पानं. यादीत एकच नाव असलेली पाकिटं मला सर्वांत आवडतात, कारण त्यांत लपवायला जागा नसते.

वाळवलेली फळं या गटात येत नाहीत. पाणी उडाल्यावर साखर तेवढीच राहते आणि वजन घटतं, त्यामुळे चिमूटभर मनुका किंवा केळ्याची एक चकती म्हणजे दिसते त्याहून खूप जास्त साखर. फळ द्यायचंच तर ताजं द्या.

आणि रोजचे पेलेट विसरू नका. सकाळच्या मापातून काही बाजूला काढायचे आणि दिवसभरात हातानं द्यायचे. ससा तुमच्या हातून घेतलेल्या प्रत्येक दाण्याला खाऊच समजतो, आणि त्याच्या आहारात नवं काहीच येत नाही.

म्यूस्लीसारखं, म्हणजे धान्य, बिया आणि दाणे एकत्र केलेलं रंगीबेरंगी मिश्रण ‘रोजच्या आहारात बदल’ म्हणून विकतात, त्याबद्दल स्पष्ट पुरावा आहे. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी सशांचे चार गट करून १७ महिने त्यांना वेगवेगळा आहार दिला. म्यूस्ली खाणाऱ्या सशांनी गवत कमी खाल्लं, आवडते दाणे वेचले आणि तंतुमय दाणे मागे ठेवले, वजन वाढलं, लेंड्या लहान आणि कमी झाल्या, दातांत बिघाड दिसले. ज्या पाकिटात ससा निवड करू शकतो, त्यातला चांगला भाग त्याच्या पोटात जाईल याची खात्री नाही.

सहावी पायरी: किती आणि कधी

माप सांगताना माणसाच्या नजरेचा घोटाळा होतो, म्हणून हिशेब करून बघा. २ ग्रॅमच्या एका गोड गोळीत निम्मी साखर धरली तर १ ग्रॅम. २ किलोच्या सशाला ती वजनाच्या प्रमाणात तेवढीच आहे, जितकी ६० किलोच्या माणसाला ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे. आपण तिला ‘एकच तर गोळी’ म्हणतो.

ताज्या फळाची कमाल मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक छोटा चमचा अशी सांगतात. माझ्या मते तेही रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा नखाएवढा तुकडा पुरे. गाजरही याच हिशेबात धरा. चित्रांत ससा गाजर खातो, पण मुळाचा तो गोड भाग त्याचं रोजचं जेवण नाही. वाळलेली पानं-फुलं दिवसाला चिमूटभर, गवतावर पसरून, म्हणजे ती शोधताना तो गवतही खातो. लठ्ठ सशाला, वारंवार पोट बिघडणाऱ्या सशाला आणि मूत्राशयात गाळ झालेल्या सशाला कुठलाही नवा खाऊ व्हेटला विचारूनच.

१२ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला विकतचा खाऊ अजिबात नको. त्याच्या अंधनालेतले सूक्ष्मजीव अजून स्थिरावलेले नसतात.

घरात माणसं जास्त असतील तर दिवसाचा खाऊ सकाळीच एका वाटीत काढून ठेवा. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचा खाऊ संपला. लहान मुलं, आजी-आजोबा, पाहुणे सगळ्यांना हा नियम कळतो आणि कुणी कुणाला रागवावं लागत नाही.

सातवी पायरी: दिल्यानंतर लक्ष ठेवा

नवा पदार्थ एका वेळी एकच, आणि अगदी थोडा. मग दोन दिवस दुसरं काही नवं नको. लेंड्या रोज पाहायची सवय करा. तब्येत चांगली असेल तर त्या गोल, सारख्या आकाराच्या, कोरड्या असतात, आणि बोटांत चुरडली तर आत गवताचे तुसासारखे कण दिसतात. आकार लहान होत गेला, एकमेकींना केसांनी जोडलेल्या माळा दिसल्या, किंवा बुडाला मऊ चिकट घाण साचली, तर तो खाऊ बंद. त्या चिकट घाणीकडे उष्ण हवेत विशेष लक्ष द्या. माश्या त्यात अंडी घालतात, काही तासांत अळ्या बाहेर पडतात आणि त्या सशाची कातडी पोखरतात. त्यात ससा दगावू शकतो.

लघवी लालसर दिसली तर घाबरण्याआधी आदल्या दिवशी काय दिलं ते आठवा. बीट, डँडेलियन आणि इतर काही वनस्पतींमधल्या रंगद्रव्यांनी लघवीचा रंग बदलतो. पण रंग टिकून राहिला, ससा लघवीसाठी जोर करत असेल किंवा जेवत नसेल, तर तपासणी हवीच.

आणि हे ध्यानात ठेवा: ससा १० ते १२ तास खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, अंग आक्रसून कोपऱ्यात बसला असेल, दात करकर वाजवत असेल, पोट फुगून ढोलासारखं लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. सशांवर उपचार करणाऱ्या व्हेटकडे त्याच वेळी न्या. पोट फुगलेलं असताना घरी जबरदस्तीनं भरवू नका, माणसांची औषधं देऊ नका. खाऊचं पाकीट बरोबर न्या. घटकांची यादी व्हेटच्या हातात असली की त्यांचं निम्मं विचारणं वाचतं.

पाकीट उघडल्यावर

हवाबंद काचेच्या बरणीत, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. मूळ पाकिटावरचा घटकांचा भाग कापून बरणीला चिकटवा आणि त्यावर उघडल्याची तारीख लिहा. तेलकट बियांचा खाऊ खवट होतो, पण तो तर तुम्ही घेतलेलाच नसेल. सुट्टा, लेबल नसलेला खाऊ कितीही ताजा दिसला तरी घेऊ नका. त्याचं वय आणि घटक दोन्ही कळायला मार्ग नाही.

लेबलवर शंका आली तर उत्पादकाला लिहून विचारा: ‘धान्यं’ म्हणजे कोणती, ‘उपउत्पादनं’ म्हणजे काय, एका तुकड्यात साखर किती. उत्तर आलं तर निर्णय सोपा होतो. आलंच नाही, तर तो खाऊ घेऊ नका.

गोड खाऊची सवय लागलेला ससा

आधीच रोज दह्याच्या गोळ्या खाणारा ससा घरी असेल तर त्या एका दिवसात बंद केल्या तरी चालतं. त्या काही त्याचं जेवण नव्हत्या. म्यूस्लीसारखं मिश्रण मात्र तो पोटभर खात असेल तर दोन ते चार आठवड्यांत हळूहळू कमी करा, त्या जागी एकसारखे पेलेट वाढवा आणि गवत कायम ताजं, भरपूर ठेवा. तो भांडं उलटं करेल, पाय आपटेल, पाठ फिरवून बसेल. तरी गोळी हातात घेऊ नका. गवताचा प्रकार बदलून पाहा, जाळीत ठेवलेलं गवत त्याच्या शौचाच्या पेटीजवळ आणा, त्यात चिमूटभर वाळलेला पुदिना मिसळा. या काळात दर दोन-तीन दिवसांनी त्याचं वजन करा आणि लेंड्या पाहत राहा. वजन सतत उतरत असेल किंवा तो गवताला तोंडच लावत नसेल, तर तो हट्ट समजून सोडून देऊ नका. दाढांना टोकं आली असण्याची शक्यता असते, आणि ते तोंडात उपकरण घालून बघितल्याशिवाय कळत नाही, तेव्हा व्हेटकडून दात तपासून घ्या.